अठ्ठ्याऐंशीची जकात

मे महिना. बाहेर सेहेचाळीस,
आत, स्टीलच्या घागरीत, उणे एकशे शहाण्णव.
बुटीबोरीहून छोट्या हत्तीवर येता येता
नायट्रोजन थोडा वाटेतच उडून जातो
वर्धा रोडच्या सिग्नलवर, पांढरा, घाईत;
मागचा स्कूटरवाला हात धरतो त्या धुरात.

गारठलेलं जर्मेनियम गॅमा ऐकतं.
सिलिकॉनला अंधार हवा, पोकळी हवी,
ते ऐकतं इलेक्ट्रॉन.
दोघांना एका भांड्यात, एकाच ठिपक्याकडे तोंड करून बसवायचं
तर एकाचं चुंबक दुसऱ्याच्या डोक्यात जातं.
तीन वर्षं हेच भांडण सोडवतोय
मी आणि लेथवरचे उरकुडे.

जड अणुकेंद्र खवळलं
की कधी प्रकाश टाकून मोकळं होतं.
कधी टाकतच नाही.
अगदी जवळ घुटमळणाऱ्या इलेक्ट्रॉनला
आतल्या आत सगळं देऊन टाकतं
आणि तो दाराबाहेर पडतो.
नुसता प्रकाश मोजणाऱ्याच्या वहीत
त्या दिवशी काही घडलेलंच नसतं.

वेटोळं भरलं मोमिनपुऱ्यातल्या इद्रीसभाईंनी,
जन्मभर कूलरच्या मोटारी भरलेला माणूस.
"मॅडम, याले पंखा कुठी लागते?"
पंखा नाही, म्हटलं. इलेक्ट्रॉन सैरावैरा सुटतात,
त्यांना मळसूत्रासारखं फिरवत
एका कोपऱ्यात आणून सोडायचं.
"म्हणजे मेंढरं," म्हणाले,
आणि चौदाशे वेढे, हाताने, वार्निशच्या वासात,
एकही दुसऱ्यावर चढू न देता.

दुसरं वेटोळं लांबलं.
फोन केला की "हो जाएगा," एवढंच.
मग एका दुपारी त्यांचा शोएब आला, बारावीतला,
गोणपाटात बांधलेलं तांबं मांडीवर घेऊन, ऑटोतून.
पाणी प्यायला. परत एक ग्लास प्यायला.
दिवाळीपासून अब्बांना दिसत नाही, म्हणाला.
शेवटचे सहाशे मी भरले.
ते बाजूला बसून बोट फिरवून बघायचे.
बिल विचारलं तर म्हणाला, अब्बा सांगतील.

काल लाईट गेली, आली, पुन्हा गेली.
रात्री दीडला एकदाची पोकळी धरली.
बिस्मथचा कण ठेवला, कपाटातला, जुना.
जर्मेनियमवर उभं राहिलं पाचशे सत्तर.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
मग सिलिकॉनवर, हळूहळू, दाणा दाणा साचत
चारशे ब्याऐंशी.
मधले अठ्ठ्याऐंशी
दार ओलांडायची जकात, शिशाच्या घरची;
बाहेर पडणाऱ्याने भरायचीच असते.

मोजणी हिशेबापेक्षा दोन टक्के कमी भरते.
सकाळी पोह्यांवर तर्री ओतून घेत
उरकुडे म्हणाले, एखादा वेढा चढला असन,
दुसरं वेटोळं उकलून पाहू काय?

राहू द्या, म्हटलं.
दोन टक्के वहीत लिहून ठेवू,
कारणासकट नको.