मूल्यांकन प्रत

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जरा वर,
फिकट अक्षरं: मूल्यांकन प्रत. अकरा दिवस शिल्लक.
मी त्यावर भाडेकराराची खिडकी ओढून ठेवते.
दिसत नाही. असतं.

घणसोली, सेक्टर सात, गाळा नंबर चौदा.
टायपिंग, झेरॉक्स, लग्नाचा बायोडाटा,
लीव्ह अँड लायसन्स घरपोच
(यातला शेवटचा च उन्हानं उडालाय).

मशीन बसवताना तबरेज म्हणाला होता,
ताई, एकशे ऐंशी दिवस फुकट.
मग काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची,
एंटर, की पुन्हा एकशे ऐंशी.
असं कितीदा?
दोन-तीनदा चालतं. मग बघू.
या मग बघूवर अर्धी नवी मुंबई उभी आहे.

ती ओळ टाइप करून झाली. जितकी चालायची तितकी चालली.
आता अकरा दिवसांनी पडदा काळा होणार
आणि मशीन दर तासाला आपणहून बंद पडणार,
न विचारता,
कुणाच्या तरी आडनावाच्या मधोमध.

खऱ्या प्रतीचे चौदा हजार. गाळ्याचं भाडं अठरा.
फुकटातली दुसरी सिस्टिमही आहे म्हणे, कायमची,
कुणाच्या बापाची नाही.
एका रविवारी लावून पाहिली. छान होती.
पण माझ्या जुन्या फॉन्टमधलं कुलमुखत्यारपत्र
तिथं उघडलं, तर नुसते चौकोन, चौकोन, चौकोन,
आणि प्रिंटरनं ओळखच दाखवली नाही.

दिवसभर मी लोकांच्या मुदती टाइप करते.
अकरा महिने. अकरा महिने. अकरा महिने.
सदर जागेवर परवानाधारकाचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही,
हे वाक्य माझी बोटं मला न विचारता लिहितात.
माझ्या स्वतःच्या करारातही तीच लिहून गेली.
आणि ती चौदा हजारांची खरी प्रत,
तिच्या अटी मी वाचल्या, चहा गार होईपर्यंत:
विकत मिळते ती वापरायची परवानगी.
म्हणजे तिथंही परवानाधारकच.

काल गावठाणातले हासुराम मढवी आले,
प्लास्टिकच्या पिशवीत वडिलांचा सातबारा,
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी स्मरणपत्र क्रमांक सात.
फाईल शोधताना खिडकी बाजूला सरकली
आणि त्यांनी वाचलं, मोठ्यानं, शाळेतल्यासारखं.
अकरा दिस? कसाचे गो?
मी सांगितलं जमेल तसं.
ते हसले, खोकला येईपर्यंत.
ह्या समोरच्या इमारती बी साठ वर्साच्या बोलीवर हान,
म्हणाले, आन् लोका टाइल्स बदलतान.

अर्ज छापला.
त्यांनी कागद ट्यूबलाइटकडे धरून
उजवा कोपरा नीट तपासला.
नाय आला, म्हणाले. समाधान वाटलं त्यांना.
तीस रुपये मोजले, मी नको म्हणत असताना.

रात्री शटर अर्धं ओढून बसले.
तबरेजचा मेसेज: ताई, काय ठरलं?
लिहिलं, संपू दे मुदत, तासात एक करार होतो,
दर दहा मिनिटांनी सेव्ह करीन.
खोडलं.
लिहिलं, चौदा हजार दोन हप्त्यांत चालतील का विचार.
तेही तसंच पडून आहे.

मग मढवींची फाईल पुन्हा उघडली
आणि पहिल्या ओळीपासून टाइप करत गेले,
नव्या फॉन्टमध्ये, कुठेही उघडेल अशा.
हात अडखळत होते, ज्ञ सापडत नव्हता.
माननीय महोदय पाशी साडेदहा वाजले.
वर क्रमांक घातला आठ.
तारखेची जागा
रिकामी सोडली.