कारणाचा रकाना

पंखांखालचं गवत हिरवंच होतं.
माझ्या कामात आधी हे वाचायचं असतं.
टाक्या फुटून पेट्रोल सांडलं असतं
तर तीन दिवसांत गवत करपलं असतं,
वास आला असता गाडीतून उतरतानाच.
वास होता तो रानझुडपांचा,
आणि पलीकडच्या कुरणातल्या शेणाचा.

प्रोपेलरची पाती सरळ.
फिरता पंखा जमिनीला लागला की पाती पिळवटतात
पिळलेल्या टॉवेलासारखी.
ही सरळ होती.
म्हणजे वरच, हवेतच
सगळं शांत झालं होतं.

वर्लिन ऑस्बी, वय एकसष्ट, गुरांचा डॉक्टर.
मोंटानाच्या या पट्ट्यात, जिथे दोन घरांच्या मधे
चाळीस मैल नुसता वारा राहतो,
चौतीस वर्षं विमानाने व्हिजिटला जाणारा.
मागच्या सीटवर दोरखंड, रबरी बूट,
सीटच्या खिशात एक काठी,
टाकीत बुडवून पेट्रोल मोजायची,
चाकूने स्वतः खाचा पाडलेली.
काठी कोरडी होती.
त्याने काही सिद्ध होत नाही, तीन दिवसांत कुठलीही काठी वाळते.
तरी मी ती दोनदा हुंगली.

टिल्बीच्या धावपट्टीवर पंप आहे.
पंपावरची जोलीन म्हणाली, गेले ना डोक्यावरून,
पाच वाजून दहा मिनिटांनी.
मी हात केला. त्यांनी पंख हलवले.
उतरून, भरून, पुन्हा उडायला अकरा मिनिटं.
मी घड्याळ लावून पाहिलं.
अंधाराला तेव्हा त्रेचाळीस बाकी होती.

वर्षभराच्या पावत्या काढल्या, वजाबाक्या केल्या.
मार्चमध्ये उतरला तेव्हा टाकीत अर्ध्या तासाचं उरलं होतं.
जूनमध्ये वीस मिनिटांचं.
ऑगस्टमध्ये नऊ.
काळ आला होता, वेळ आली नव्हती.
काळ येऊन बसला, कॉफी प्यायला, निघून गेला.
इतक्यांदा आला
की घरचाच झाला.

आणि इंजिन बंद पडल्यावरही
वेळ होता.
समोर नांगरलेलं शेत, ढेकळांचं, पण सपाट.
रस्ता डावीकडे. थोडा लांब, थोडा बरा.
त्याने नाक वर उचललं.
जमीन जवळ आली की हात आपोआप मागे ओढतो,
पडणारा माणूस फांदी ओढतो तसा.
पण पंख वेगावर जगतो,
इच्छेवर नाही.
वेळ होता म्हणाले मी. मोजला तर
नव्वद सेकंद भरतो.

उशीर कशाने झाला ते विचारायला
डेग्नरच्या गोठ्यावर गेले.
म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही, फाटक उघडलं.
उलटं होतं, तो मग म्हणाला, मागचे पाय आधी.
दोन तास खांद्यापर्यंत हात आत घालून होता.
म्हटलं, राहा आज, वारा फिरलाय.
तर म्हणे आयरीन वाट बघेल.
तीन दिवसांचं वासरू
माझ्या कोटाची बाही चाटत होतं.

आयरीनने एकच विचारलं, उभ्यानेच, शेगडीपाशी:
घरापासून किती?
सहा मैल.
तिने गॅस बंद केला.
बंद झालेला गॅस
ती बराच वेळ बंद करत राहिली.

फॉर्मवर कारणाचा रकाना दीड इंचाचा आहे.
लिहिलं: इंधन संपले. वेग राखला नाही.
वारा लिहिला वेगळ्या रकान्यात.
वासराला रकाना नाही,
ऑगस्टलाही नाही.

काठी पुराव्याच्या पिशवीत घालून चिठ्ठी चिकटवली.
परतताना रात्र झाली.
माझ्या गाडीचा काटा पावाच्या खाली.
टिल्बीचा दिवा आला, मागे गेला.
पोचू की,
मी रिकाम्या गाडीत
मोठ्याने म्हणाले.