बंद गाडीची पावती

देवगड ते श्रीवर्धन. गाड्या नेणारा कंपनीवाला
फोनवर म्हणाला, अठ्ठावीस हजार, जीएसटी वेगळा.
अख्खी गाडीच मी घेतली होती एकतीसला.

हेराल्ड, एकोणीसशे अडुसष्टची. मूळचा रंग कोणता
यावर विकणाऱ्याच्या घरातच दोन मतं होती.
बॉनेट उघडतं सगळंच्या सगळं, पुढच्या अंगाला,
दंतवैद्यापुढे आ केल्यासारखं,
आणि आत, रेडिएटरच्या आडोशाला,
उंदराने काथ्याचं घर बांधलेलं. रिकामं.
बहुधा त्यालाही भरवसा वाटला नसावा.

आगुस्तीन फिटर हात पुसत म्हणाला,
"हिच्यावर रागावू नको. आणि कौतुक तर
अजिबात करू नको. ऐकता ती."

मग बशीर परकार भेटला.
सिमेंट उतरवून त्याचा ट्रक जयगडला रिकामा परतायचा.
"अर्धं डिझेल द्या, वाटेत जेवण द्या.
शाकाहारी चालणार नाही."
चार हजार दोनशे.

चढवायची कशी? क्रेनवाला दोन हजार मागत होता.
बशीरने ट्रक मागे घेत घेत
चिऱ्याच्या जुन्या खाणीत नेला,
तिथे कापलेला काठ बरोबर फाळक्याच्या उंचीचा.
होडी ओढायच्या दोन तेलकट फळ्या,
सात माणसं, एक शिवी,
आणि ती आत.
चाकांखाली नारळाची सोडणं, कमरेला जाळ्याचा जुना दोर.
दोराला अजून बांगड्याचा वास होता.

राजापूरच्या वळणांवर मी मागे,
ट्रकच्या हौद्यात, तिच्यातच बसलो होतो,
स्टीअरिंग धरून.
ट्रक वळला की मीही वळवायचो.
मागच्या एसटीतलं एक पोर हसलं.
मी हॉर्न दिला. वाजला नाही.

जयगडला बशीर सुटला, पैसे मोजून, दोनदा.
पुढे एका बर्फाच्या टेम्पोने शेपटाला बांधून घेतली.
शास्त्रीची खाडी तशीच ओलांडली,
मग तवसाळ, गुहागर, धोपावे,
आणि सगळी वाट टेम्पोतलं गार पाणी
तिच्या नाकावर ठिबकत राहिलं.
छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा
घाट चढून ती तापली नव्हती.

धोपाव्याच्या जेटीवर तिकीटवाला.
"चालू हाय का बंद?"
"बंद."
"मग मोटार कशी लावू? सामान लावतो."
लिहिलं: सामान, नग एक.
मी पावती घडी घालून
खिशात ठेवली, जिंकल्यासारखी.

वाशिष्ठीच्या मधोमध
सहज, हाताला चाळा म्हणून, चावी फिरवली.

लागली.
एका फेऱ्यात.
चारी बाजूंना पाणी, पुढे जायला जागा तेरा फूट,
आणि ती खोकत, थरथरत, धूर काढत
अशी बोलायला लागली
की फेरीबोटीचं इंजिन ऐकू येईना.
टोपलीवाल्या बायकांनी पदर नाकाला लावले.
एक म्हणाली, "अगो, हिला पाण्यावर सुचलं!"
लोकांनी काचांना तोंडं लावली.
पेट्रोल जळत होतं, एकशे पाच रुपये लिटर,
मोजून चार लिटर होतं,
आणि मी चावी बंद केली नाही.

तिकीटवाला आला. घाई नाही.
कानावरची पेन्सिल काढली, 'सामान' खोडलं,
वर लिहिलं 'मोटार'.
"फरक द्या."
दिला. सगळ्या प्रवासात
एवढ्या एका ठिकाणी मी घासाघीस केली नाही.

दाभोळच्या धक्क्याची चढण. अर्ध्यावर
ती थांबली.
मी काही बोललो नव्हतो.
मनात आलं होतं, एवढंच.

ढकलायला चार जण मिळाले, चहावर.
पावतीच्या पाठीवर चहा मांडला: चाळीस.
अजून बाणकोटची खाडी बाकी आहे.
वेसवीच्या जेटीवर कुणी विचारलं
तर आधीच सांगायचं, बंद.
हळू आवाजात.