तपास चालू

रिटायर होऊन सहा वर्षं झाली
तरी खानापूर ठाण्याचा फोन आला की
मी उभा राहूनच बोलतो.

नव्या पीएसआय हिरेकुरबर मॅडम, विजापूरकडच्या.
"कंग्राळकर, स्वल्प बर्री, ओदि हेळ्री."
मालखाना रिकामा करायचाय,
जुनी रजिस्टरं मराठीत, वाचणारा कोणी उरला नाही.

गेलो. सायकल लावली नेहमीच्या जागी
फणसाच्या बुंध्याशी. फणस नाही आता,
वाळूच्या जप्त ट्रॉल्या आहेत.
आत वाळवीनं
सत्तेचाळीसच्या चोऱ्या अर्ध्या खाऊन टाकलेल्या.

बावन्न सालचं मात्र धड होतं. टाकानं लिहिलेलं,
खाली हवालदार शिद्राय गोधोळकर यांची लांबलचक सही,
ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही:

"फिर्यादी लक्ष्मी भ्रतार रामा कुंभार, राहाणार कुपटगीरी.
तांब्याचा हंडा गेला. कींमत अंदाजे रुपये अठरा.
संशय दिरावर, पण नाव लिहू नका म्हणते.
बाई रडत होती.
तपास चालू."

मॅडम कानडीत उतरवून घेत होत्या.
'रडत होती'पाशी पेन थांबलं.
हे घ्यायचं का? ट्रेनिंगमधे सांगतात, फक्त घटना.
म्हटलं, त्यांनी घेतलंय. घ्या.

पानं उलटता उलटता छप्पनचा ऑक्टोबर आला.
एकतीस तारीख: "रात्री गस्त घातली. सर्व ठीक."
पहिली नोव्हेंबर: शाई तीच, हात तोच,
पण अक्षरं गोल गोल, ओळीखाली घसरलेली,
बिगरीतल्या पोरानं पाटीवर काढावीत तशी:
"एल्ला सरी."
मॅडम हसल्या. एक वेलांटी चुकलीय म्हणाल्या.
मी हसलो नाही.
त्या वयात एका रात्रीत
हाताला वळण लावायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

माझ्या चौतीस वर्षांतले बहुतेक एक नोव्हेंबर
बेळगावच्या रस्त्यावर गेले.
इकडं लाल-पिवळे झेंडे, तिकडं काळ्या फिती,
मधे दोर, आणि दोराला धरून आम्ही,
एका बाजूनं दुमडलेल्या टोप्या घालून.
काळ्या फितीत माझा मेव्हणा, पुंडलिक.
तो माझ्याकडं बघायचा नाही.
मी बघायचो, ड्युटीच होती.

एकदा पळापळ झाली.
त्याची एक चप्पल माझ्या बुटाशी राहिली.
रात्री पिशवीत घालून त्याच्या घरी नेली.
वहिनीनं चहा दिला. साखर नव्हती, की घातली नव्हती.
चप्पल तीन दिवस उंबऱ्याशी तशीच पडलेली.
"मारलासा का त्याला?" बायकोनं विचारलं, एकदाच.
"गर्दी होती," मी म्हणालो.
ते अजून कुठल्या रजिस्टरात नाही.

दुपारी गोव्याच्या दारूच्या खोक्यांखाली
तो हंडा निघाला.
काळा ठिक्कर, गळ्यात पत्र्याचा बिल्ला, ४१.
आत वाळलेला गाळ, म्हणजे विहिरीतनं काढलेला.
म्हणजे गोधोळकरांनी शोधला होता!
परत द्यायला कोर्टाचा हुकूम लागतो.
तो बेळगावहून निघालाही असेल,
मग कागद मुंबईला पाठवायचे की म्हैसूरला
या घोळात कुठल्यातरी टेबलावर
कुणाच्यातरी चहाखाली बसला असेल.

मॅडमनी जीप काढली. कुपटगिरीत कुंभारांची दोनच घरं,
कौलांच्या भट्ट्या बंद.
एक म्हातारा म्हणाला, लक्ष्मी? कुठली लक्ष्मी?
मग बराच वेळ हंड्याकडं बघत राहिला.
त्याच्या बापाचं नाव विचारायचं
मॅडमच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं.
नाही विचारलं.

परत येताना हंडा माझ्या मांडीवर.
खड्डा आला की वाजायचा.

ठाण्यात शेऱ्याचा रकाना उघडून
मॅडमनी पेन माझ्याकडं दिलं. तुमच्यात लिहा, म्हणाल्या,
खाली मी आमच्यात लिहिते.
सहा वर्षांनी सरकारी कागद पुढ्यात.
काय लिहावं?

लिहिलं: हंडा आहे.
बाई रडत होती.