आठव्या मजल्याची दोरी

तिबिलिसीच्या आमच्या इमारतीत
लिफ्टलाही नाणं लागतं,
नाहीतर ती जागची हलत नाही.
त्या हिवाळ्यात मीही तशीच होते,
फक्त माझ्यात नाणं टाकायची फट कुठे आहे
ते कुणाला सापडत नव्हतं.

आई दाराबाहेर ताट ठेवून जायची.
डॉक्टर मनाना दर मंगळवारी विचारायच्या,
"नुत्सा, एक ते दहात आज किती?"
मी म्हणायचे, तीन.
तीन म्हटलं की पुढचे प्रश्न कमी येतात.

मग जानेवारीत लिफ्टच बंद पडली,
आणि आठव्या मजल्यावरच्या त्सियालाबाईंनी
दोरीला बांधून सोडलेली टोपली
तिसऱ्या मजल्यावर, नेमकी माझ्या खिडकीशी थांबली.
दोरी संपली असावी.
आत दोन लारी आणि चिठ्ठी:
पाव. गरम. गुडघे संपावर आहेत.

मी काही परोपकारी वगैरे नाही.
टोपली काचेवर टकटक करत राहिली,
तो आवाज सोसेना, म्हणून उठले.
झोपायच्या कपड्यांवरच कोट चढवला.
सोळा दिवसांनी पायांत बूट.

भट्टीवाल्या ओतारने आत वाकून
मातीच्या भिंतीवरून पाव सोलून काढला,
होडीसारखा, दोन्हीकडे टोकं.
एक टोक मी वाटेतच मोडून खाल्लं.
चव लागली.
हे डॉक्टरांना सांगितलं नाही;
त्याला एक ते दहात आकडा नव्हता.

रोज अकराला टोपली यायची.
काही दिवस मी पडदा ओढून पडून राहिले.
ती तासभर वाऱ्यात लोंबकळायची
आणि गुपचूप वर जायची,
न रुसता.

मार्चमध्ये एकदा जिना चढून वर गेले,
त्यांचा बल्ब बदलायला.
ओट्याखालचं फडकं सरकलं, तर
पावांची चळत. मी अकरा मोजले,
लाकडासारखे कडक,
प्रत्येकाचं एक टोक मोडलेलं.

"चिमण्यांना घालते," त्सियालाबाई म्हणाल्या
आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या,
संपावरच्या गुडघ्यांच्या मानाने
बऱ्याच झपाझप.

मी स्टुलावर उभी.
राग आला होता, थोडं हसूही,
आणि बल्ब काही आट्यांत बसत नव्हता.

लिफ्ट आता दुरुस्त झाली आहे.
मंगळवारी मी कधी पाच म्हणते, कधी दोन.
अकराला खिडकी उघडून
टोपलीची गाठ सैल झाली नाही ना,
तेवढं बघते.