वीस मिनिटं

मंगळवारी गरोदर बायांची ओपीडी.
भिवापूरकडून ऑटो येतो, पळसाखाली थांबतो.
नऊ बाया उतरतात. दहावी
आधी ओकारी करते, मग उतरते.

मी खोली नंबर चार.
फ्रीज, पंखा, सुयांचा पांढरा डबा.
हिमोग्लोबिन, शुगर, रक्तगट, कावीळ, एचआयव्ही,
सगळं एकाच सुरात म्हणते.
शेवटच्या शब्दाला आवाज खाली आणला
की समोरची बाई घाबरते.
एवढं शिकायला मला तीन वर्षं लागली.

"तिची कायले?" सासू दारातून.
"आमच्या घरचं कोणी तसं नाई."
सगळ्यांचीच करतो मावशी.
"कोणाकोणाची केली?"
ते सांगत नाही. हिचंही सांगणार नाही.
तुम्हालासुद्धा नाही.
सासू पदर सावरते,
बाहेरच्या बाकावर जाऊन बसते.

मोनाली टेकाम. एकवीस. पहिलटकरीण.
नको असेल तर नाही म्हण, मी सांगते.
ती बोट पुढे करते,
मिरचीचे देठ खुडून लाल झालेलं.
"टोचलं काय? मले वाटलं मिरचीच झोंबली."

रक्ताचा थेंब. औषधाचे दोन थेंब. घड्याळ.

"किती रेघा आल्या त चांगलं?"
एक.
ती हसते. "अन् त्या दिवशी घरी दोन आल्या
त यानं गल्लीभर जिलबी वाटली."

दोन रेघांची एक बाई होती मागे.
रात्रीच्या बातम्या लागल्या की गोळी,
एक दिवस चुकली नाही.
पोरगं दीड वर्षाचं झालं, शेवटची तपासणी झाली,
त्याला काही नाही.
आता बाजारात दिसते, वांगी निवडते,
माझ्याकडे बघून ओळख देत नाही.
मीही देत नाही.
आमचं असं चांगलं चाललंय.

बारा मिनिटं झाली.
"ताई, तुमची केली काय?"

अकरा वर्षं. चौदा रजिस्टरं.
बोटं किती, मोजली नाहीत.
माझी कशाला, मी म्हणते,
आणि ऐकते:
हे सासूचंच वाक्य,
फक्त शाळेत गेलेलं.

दुसरी पट्टी फोडते.
स्वतःचं बोट स्वतःला टोचताना
हात मागे सरतो.
"सैल सोडा," मोनाली म्हणते,
"मुंगी चावल्यावानी लागते, बस."
माझंच वाक्य. माझ्याच सुरात.

दोन पट्ट्या शेजारी शेजारी.
तिची आठ मिनिटं होतात. एक रेघ.
माझी बारा उरतात.
ऑटोवाला हॉर्न वाजवतो, परत वाजवतो.
ती स्टुलावरून उठत नाही.
"वाजवू द्या त्याले," म्हणते,
आणि पोटावर हात ठेवून
माझ्या पट्टीकडे बघत बसते.

संध्याकाळी रजिस्टर बंद केलं.
आजचे नंबर अकरा.
बाया दहा होत्या.