फोटो जुळत नाही

शहाद्यात सुपडूशेठच्या स्टुडिओत
मी आतल्या खोलीत बसते.
बाहेर कॅमेरा धरायला पोरं आहेत.
"लग्नाचे फोटो बाईच्या हातून? हात हलंल तिचा."
माझा हात हलत नाही.
अकरा वर्षं या हातानं
अख्ख्या तालुक्याच्या पोरींचा रंग उतरवलाय.

रीत ठरलेली.
मुलगा आला तर मिशी दाट, खांदे रुंद,
रंगाला हात लावायचा नाही.
मुलगी आली की माऊस दाबून धरायचा
आणि पट्टी उजवीकडे, उजवीकडे.
पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं साल निघतं
तसा चेहरा सोलत जातो,
खाली पांढरट, मऊ जे उरतं
ते बायोडाट्याला लागतं.

माझी आईही सांगायची,
पाहुण्यांनी विचारायच्या आधीच,
"पोर कायी शे, पन कामले वाघीन शे."
त्या 'पन'वर माझं लग्न झालं.

सुमली पावरा आली ती भर उन्हाची.
तोरणमाळच्या वरच्या पाड्यावरची.
आमचूर भरलेली भावाची पिकअप
सातपायरीच्या घाटातून रात्री
एका दिव्यावर खाली आणणारी.
एसटीत ड्रायव्हरच्या जागा निघाल्या होत्या.
पांढरी पाठ, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
बाकी काही ती बोलली नाही.
मीही विचारलं नाही,
हात सवयीनं गेला, पस्तीसवर थांबला.

पंधरा दिवसांनी धुळ्याहून परत आली.
गेटवरच्यानं हॉलतिकीट पाहिलं, तिला पाहिलं,
पुन्हा हॉलतिकीट.
"फोटो जुळत नाही. ही कोण, तुझी मालकीण?
कोणाच्या नावावर बसायला आलीस?"
मागचा म्हणाला, "भिलाटीतली असंल,
तिथं सगळ्या सारख्याच दिसतात."
तिसऱ्यानं तर बस शिकवली,
"बाई, स्टेअरिंग आहे ते, पाट्याचा वरवंटा नाही."
तोवर कुणीतरी मोबाइल काढलेला.
ती आणि तिचा फोटो, शेजारी शेजारी.

संध्याकाळी तेच चित्र
कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरून
सुपडूशेठच्या स्टेटसला लागलं :
'आमची कमाल. आधी आणि नंतर.'
खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले
ते पिवळे गोल चेहरे.
त्यांचा मात्र सगळ्यांचा रंग एकच.

ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं हॉलतिकीट काउंटरवर ठेवलं,
फोटोवर बोट.
"हाई मी नही शे."
अहिराणी, माझ्या सोयीसाठी.
तिची बोली मला येत नाही.
अकरा वर्षांत एक शब्द विचारला नाही कुणाला.

मूळ फाइल शोधली. नव्हती.
जागा खाते म्हणून शेठ मूळ पुसून टाकतो.

शेठ जेवायला गेलेला.
कॅमेरा मीच उचलला.
तिला बसवलं, हनुवटी सरळ केली, दाबलं.
कॅमेऱ्यानं आपण होऊन तिला उजळ केली.
ते बंद केलं. पुन्हा उजळ.
खोल खोल शोधलं, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
गुळगुळीत होतं, गुलाबी होतं, टवटवीत होतं,
'आहे तसं' कुठेच नव्हतं.
शेवटी दिवे मालवले, शटर पूर्ण वर केलं
आणि रस्त्यावरचं ऊन आत घेतलं.
तिनं डोळे मिचकावले नाहीत.
समोरून येणाऱ्या ट्रकची सवय.

आठ प्रती निघाल्या.
पैसे घ्यावेत की नाही, मला ठरवता येईना,
तिनंच चाळीस रुपये मोजून ठेवले.
पुढल्या भरतीला लागतील, म्हणाली, मराठीत.

ती गेल्यावर
मी माझा लग्नातला फोटो उघडला.
तो दुसऱ्या कुणीतरी सोलला होता, याच दुकानात.
पट्टी डावीकडे ओढली.
चेहरा राखाडी झाला. आणखी ओढली, निळसर.
कायी पोर काही परत आली नाही.
बाहेर शेठची चप्पल वाजली.
मी पट्टी तशीच सोडली.